द्राक्षतोडणीची टोळी: हात वाढवूनही काम का अडतं

निफाड-दिंडोरी पट्ट्यात तोडणी सुरू झाली की माल लवकर निघावा म्हणून टोळीत माणसं वाढवतात. पण जोर नुसत्या बेरजेने वाढत नाही. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी एकत्र काम करणाऱ्या माणसांच्या जोराचे आकडे १९१३ साली प्रसिद्ध केले. आठ जणांचा एकत्र जोर त्यांच्या सुट्या जोरांच्या बेरजेच्या साधारण निम्माच भरला. एक तर सगळ्यांचा जोर एका वेळी लागत नाही, दुसरं म्हणजे घोळक्यात माणूस सैल पडतो.

म्हणून १२ जण असतील तर सगळ्यांच्या हाती कात्री देऊ नका. सात तोडायला, दोन क्रेट वाहायला, तीन सावलीत घड साफ करायला, अशी सुरुवात करा. अर्ध्या तासाने सावलीतला ढीग बघा. क्रेट साचले असतील तर एक तोडणारा साफसफाईला वळवा, साफ करणारे रिकामे बसले असतील तर उलट करा. कात्री थोडी थांबली तर बिघडत नाही, तोडलेला घड मात्र ताटकळला की देठ सुकतो आणि तो पुन्हा हिरवा होत नाही.

मजुरी माणशी क्रेटवर ठरवली की सोपे घड आधी जातात, पानाआडचे राहतात, शेजाऱ्याला क्रेट द्यायलाही कोणी थांबत नाही. पास झालेल्या मालावर सगळ्या टोळीचं उक्तं ठरवा. मात्र सारख्या वाटणीत अंगचोरी शिरते. त्यावर उपाय म्हणजे एका ओळीला दोघंच ठेवा आणि क्रेटमध्ये ओळीच्या नंबरची चिठ्ठी टाका. चूक त्याच तासात त्याच जोडीला सांगता येते. चिठ्ठीवरून पैसे कापू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या गायब होतात. पावसाने तडकलेले मणीही टोळीच्या माथी मारू नका.

नव्या माणसाला आधी पंधरा मिनिटं साफसफाईच्या टेबलाशी उभं करा. मणी धरून तोडलेल्या घडावर मण्यांवरची पांढुरकी लव पुसून अंगठ्याचा चकचकीत ठसा उठतो. तो एकदा पाहिला की हात आपोआप देठाकडे जातो.

ऊन चढू लागलं की कात्र्या खाली ठेवून सगळ्यांनीच साफसफाईला बसावं. क्रेटमध्ये घडांचा एकच थर ठेवा आणि गाडी भरायची वाट न बघता माल प्रीकूलिंगला (झटपट थंड करायला) रवाना करा.