अल्गॉल ६८ चा जुना प्रोग्रॅम शेवटी चालला, घोळ कीवर्डमध्ये होता

राजारामपुरीतल्या घरी माळा आवरताना काकांची कॉलेजची वही सापडली, त्यात अल्गॉल ६८ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला मूळ संख्या शोधायचा प्रोग्रॅम, शाईपेनानं लिहिलेला. म्हटलं हा चालवायचाच. उबुंटू लिनक्सवर अल्गॉल ६८ जिनी नावाचा इंटरप्रिटर (प्रोग्रॅम वाचून चालवणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, तो लगेच बसला, पण प्रोग्रॅम टाकला की नुसते एररच एरर.

दोन संध्याकाळी गेल्या राव. मी लिहिलेलं 'इंट एन' (म्हणजे एन ही पूर्णांक संख्या) त्याला 'इंटएन' असं एकच नाव वाटत होतं. मग वही परत नीट बघितली तर बिगिन, इंट, इफ अशा शब्दांखाली काकांनी बारीक रेघ मारलेली, आणि तिथंच ट्यूब पेटली! या भाषेत व्हेरिएबलच्या नावात स्पेस चालते, म्हणून कीवर्ड, म्हणजे भाषेचे स्वतःचे ठरलेले शब्द, वेगळे दाखवावेच लागतात, छापताना ठळक, हातानं लिहिताना रेघ, आणि जिनीमध्ये कॅपिटल. रेघवाले सगळे शब्द कॅपिटल केले आणि पहिल्या झटक्यात २, ३, ५, ७ स्क्रीनवर, लई भारी वाटलं.

युनिक्सच्या शेल स्क्रिप्टमध्ये (कमांड लिहून ठेवलेली फाइल) इफ संपवायला आपण स्पेलिंग उलटं करून 'फाय' लिहितो, केसला 'एसॅक', ते अल्गॉल ६८ मधूनच आलंय, कारण या कमांड चालवणारा बॉर्न शेल लिहिणारे स्टीफन बॉर्न आधी केंब्रिजला अल्गॉल ६८ च्या कंपायलरवर काम करायचे. 'डू' चं 'ओडी' मात्र घेता आलं नाही, युनिक्समध्ये त्या नावाची कमांड आधीच होती, म्हणून 'डन'. सी भाषेतल्या युनियन आणि कास्ट या सोयींवर पण अल्गॉल ६८ चीच छाप आहे.

काकांना व्हिडिओ कॉलवर आउटपुट दाखवलं तर ते एकेक आकडा मोठ्यानं वाचत बसले.