शुगरवाला पेशंट घरी पाठवायच्या आधी : पेट क्लिनिकमधल्या नव्या नर्ससाठी

नाशकात गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत पेट क्लिनिकं भरपूर झालीत, पण आपल्याला लोक अजून "असिस्टंट" म्हणतात आणि असिस्टंट म्हणजे कुत्रं धरून ठेवणारा, एवढंच त्यांना माहीत. डायबेटिसच्या केसमधे मात्र अर्धं काम आपलंच. डॉक्टर निदान करतात, डोस लिहितात, पण पुढे रोज दोनदा सुई टोचणार घरचेच आणि त्यांचा हात बसवून द्यायचा आपण.

"शुगर वाटते" असं म्हणून कोणी येत नाही. "लादी पुसून पुसून वैताग आला", "खातो भरपूर पण वाळत चाललाय", नाहीतर सरळ "गच्चीत मुततो तिथे मुंग्या लागतात". हे ऐकलं की कान टवकारा. रोज किती पाणी पितो विचारलं तर सगळे "खूप" म्हणतात, त्याचा उपयोग शून्य, घरी बाटलीने मोजून भांड्यात ओतायला सांगा आणि २४ तासांनी हिशोब घ्या. कुत्रा किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर पीत असेल तर ते जास्तच आहे. मादी असेल तर नसबंदीचं ऑपरेशन झालंय का, शेवटची हीट (माज) कधी आली होती ते लिहून घ्या, कारण हीटनंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही. खाजेसाठी स्टिरॉइड चालू आहे का तेही विचारा, लोक स्वतःहून सांगत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाटली आणि सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मिलीमागे ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० च्याही, पेनची कार्ट्रिज १०० ची असते. ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल, १०० वालीचं केशरी. आमच्याकडे एक लॅब्रेडोर कुत्री होती, १५ दिवस झाले तरी शुगर खाली येईना, डोस वाढवायचं बोलणं चाललं होतं, मी म्हटलं ताई उद्या येताना सिरिंज घेऊन या, बघते तर केशरी टोपण! बाटली ४० ची, सिरिंज १०० ची, म्हणजे बिचारीला १० च्या जागी ४ युनिट जात होते. उलटं झालं असतं तर अडीच पट डोस गेला असता आणि कुत्री हातची गेली असती. म्हणून दर व्हिजिटला बाटली, सिरिंज दोन्ही आणायला लावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फोनवर "तीच आहे हो" यावर जाऊ नका.

टोचायला शिकवताना आधी सलाईन भरून सराव घ्या. ढगाळ इन्सुलिन असेल तर बाटली तळहातात हळू फिरवायची (काही ब्रँडचं वेगळं असतं, लेबल वाचा). मग कातडीची घडी वर उचलायची, सुई त्यात सरकवायची. झालं की केस ओले लागतात का बोटाने बघायचं, कारण केसाळ कुत्र्यात सुई आरपार जाऊन औषध बाहेर सांडतं. सांडलं असं वाटलं तरी दुसऱ्यांदा टोचायचं नाही, हे तीनदा सांगा. जागा रोज थोडी बदलायची. घरच्यांनी तुमच्यासमोर स्वतः टोचल्याशिवाय त्यांना सोडू नका, आणि घरातल्या दोघांना शिकवा, कारण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्ट असते, लग्नाला गावी जावं लागतं, सुई मात्र १२ तासांनी हवीच. बाटली फ्रीजमधे ठेवायची पण बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई न देता डॉक्टरांना फोन. वेळा आणि माप रोज सारखं, बिस्किटं बंद, संकष्टीचा पेढा बंद, आजोबांना वेगळं बसवून सांगा कारण गुपचूप भरवणारे तेच असतात. शुगर-फ्री मिठाई चालेल का असं हमखास विचारतील, अजिबात नाही, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर कुत्र्याला विष आहे. आणि फेब्रुवारी-मार्चमधे आपल्याकडे घरोघरी द्राक्षांच्या पेट्या पडलेल्या असतात, द्राक्ष-बेदाण्याने कुत्र्याची किडनी जाते, शुगर असो नसो.

शुगर एकदम उतरली की कुत्रा झोकांड्या खातो, थरथरतो, झटकेसुद्धा येतात. मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांवर चोळायचं, घशात ओतायचं नाही, आणि लगेच क्लिनिक गाठायचं. उलट्या, खाणं बंद, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास असेल तर कीटोन (साखरेऐवजी चरबी जळून तयार होणारे पदार्थ) वाढलेत समजा, तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नाही. हे सगळं कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवायला द्या, ऐनवेळी कोणाला काही आठवत नाही.

कर्व्ह (दिवसभरात शुगर कशी चढते-उतरते त्याचा आलेख) करायचा असेल त्या दिवशी दर दोन तासांनी कानाच्या कडेतून थेंब घ्यायचा. माणसांचं ग्लुकोमीटर जनावरात बऱ्याचदा आकडा कमी दाखवतं, तेव्हा दर वेळी मशीन तेच वापरा आणि कुठलं ते नोंदवा. मांजराचं वेगळंच, क्लिनिकमधे घाबरूनच शुगर चढते, म्हणून घरी घेतलेला आकडा जास्त खरा. मांजरात लवकर कंट्रोल आला तर कधीकधी इन्सुलिन सुटतं, कुत्र्यात सहसा आयुष्यभर लागतं, उगाच आशा लावू नका. कुत्र्याच्या डोळ्यात मोतीबिंदू येतोच बहुतेक, ते आधी सांगून ठेवा, नाहीतर "औषधाने आंधळा झाला" म्हणतात. आणि डोस आपण कधीच बदलायचा नाही, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी.

वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकू देऊ नका, कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात घुसतात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरायच्या, झाकण घट्ट, भरली की क्लिनिकला आणून द्यायची. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी आपणहून फोन करा, "कसं चाललंय" विचारू नका, "काल संध्याकाळी किती वाजता, किती युनिट, कुठल्या बाजूला टोचलं" असं विचारा.