ऑप्टिकल रिसीव्हरचा अ‍ॅम्प्लिफायर: पिकोफॅरडच्या या चुका टाळा

फायबरमधून आलेल्या प्रकाशाचा फोटोडायोड करंट करतो आणि हा अ‍ॅम्प्लिफायर त्या करंटचं व्होल्टेज करतो. १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १० कोटी बिट) एनआरझेड रिसीव्हर (पूर्ण बिटभर सिग्नल एकाच पातळीवर राहतो) घेऊ. बँडविड्थ बिटरेटच्या साधारण ०.७ पट, म्हणजे ७० मेगाहर्ट्झ हवी. ओपीए ६५७ हा ऑपअँप (गेन-बँडविड्थ, म्हणजे गेन आणि बँडविड्थचा गुणाकार, १.६ गिगाहर्ट्झ), फीडबॅकला, म्हणजे आउटपुटपासून इनपुटकडे, ८.२ किलोओहमचा रेझिस्टर, इनपुटवर एकूण ६ पिकोफॅरड कपॅसिटन्स: १ फोटोडायोडचा, ५ ऑपअँपचे स्वतःचे. कागदावर ७२ मेगाहर्ट्झ मिळतात.

पहिली गफलत फीडबॅक रेझिस्टरला समांतर बसणाऱ्या फीडबॅक कपॅसिटरची. सपाट रिस्पॉन्ससाठी ०.३८ पिकोफॅरड लागतो. हाताशी १ असतो, तोच लावला की बँडविड्थ १९ मेगाहर्ट्झवर येते. शिवाय पॅड आणि रेझिस्टर मिळून ०.१ ते ०.२ पिकोफॅरड आधीच धरून बसलेले असतात, ते वजा करूनच सुटा कपॅसिटर निवडा.

आउटपुट हलू लागलं की कपॅसिटर वाढवायचा, ही सवय इथे उलटते. हा ऑपअँप ७ किंवा जास्त गेनलाच स्थिर असतो. वरच्या फ्रिक्वेन्सीला नॉइज गेन म्हणजे १ अधिक इनपुट कपॅसिटन्स भागिले फीडबॅक कपॅसिटन्स. ०.३८ ला तो १७ च्या आसपास, २ पिकोफॅरडला फक्त ४! म्हणून आधी फ्रिक्वेन्सी बघा. ७० मेगाहर्ट्झजवळ रिंगिंग (विरत जाणारी थरथर) असेल तर कपॅसिटर कमी पडतोय. काहीशे मेगाहर्ट्झचं सलग ऑसिलेशन असेल तर बहुधा जास्त झालाय.

डायोड १० सेंटीमीटर कोअ‍ॅक्सने जोडला तर इनपुटवर आणखी १० पिकोफॅरड येतात आणि ७२ चे ४४ मेगाहर्ट्झ होतात. डायोड ऑपअँपला चिकटूनच बसवा, डायोड जिथे जोडतो त्या इनव्हर्टिंग पिनखालचं ग्राउंड प्लेनचं तांबं सगळ्या थरांतून काढा.

५० ओहमवर करंट उतरवून मग अ‍ॅम्प्लिफाय करणं सोपं दिसतं, पण त्या रेझिस्टरचा थर्मल नॉइज १८ पिकोअँपिअर प्रति रूट हर्ट्झ, ८.२ किलोओहमचा १.४.

लहान फायबरवर लिंक गप्प पडते? १५५० नॅनोमीटरला १ मिलिवॅट म्हणजे साधारण १ मिलिअँपिअर, म्हणजे ८.२ व्होल्ट. ±५ व्होल्ट सप्लायवर अ‍ॅम्प्लिफायर सॅच्युरेट होणारच, म्हणजे आउटपुट सप्लायच्या मर्यादेला अडकणारच. चाचणीला अ‍ॅटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा भाग) लावा.

मोजताना इनव्हर्टिंग पिनला प्रोब अजिबात लावू नका, त्याचाही कपॅसिटन्स इनपुटवर येतो. आउटपुटला ५० ओहम सिरीजमध्ये घालून स्कोपच्या ५० ओहम इनपुटला जोडा. सिग्नल निम्मा दिसेल, तो हिशोबात धरा.