घरातल्या जनरलसाहेबांची कारकीर्द लिहून काढायची असेल तर

आमचे काका मेजर जनरल म्हणून रिटायर झाले आणि इंदूरला, रामबागेतल्या जुन्या घरी परतले. गेल्या हिवाळ्यात मी त्यांची सगळी नोकरी लिहून काढली. तुमच्या घरात असं कुणी असेल तर हे काम लांबणीवर टाकू नका.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "काका, एकाहत्तरच्या लढाईचं सांगा ना." ते दोन वाक्यं बोलले आणि गप्प झाले. लढाईपासून सुरुवात करूच नका. ट्रंकेपासून करा.

फौजी घरात काळी लोखंडी ट्रंक असतेच. तिच्यावर पांढऱ्या रंगात हुद्दा, नाव आणि आयसी नंबर, म्हणजे अधिकाऱ्याचा स्वतःचा सेवा क्रमांक. काकांच्या ट्रंकेवर 'मेजर'च्या खाली पुसट 'कॅप्टन' दिसतं. बढती झाली की जुन्या अक्षरांवर काळा हात मारायचा आणि नवीन लिहायचं. हुद्दा बदलत जातो, नंबर तोच राहतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आधी तो लिहा. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवत होते, तेव्हा काका आपणहून म्हणाले, "हा रंग पठाणकोटला दिला." मग पठाणकोटचं क्वार्टर निघालं, तिथली थंडी निघाली, काकूंचं पहिलं बाळंतपण निघालं. तासभर बोलत होते.

प्रत्येक पोस्टिंगला एक पान द्या: गाव, हुद्दा, काम, आणि कुटुंब सोबत होतं की नाही. काका फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा पोस्टिंगवर असताना काकू मुलांना घेऊन इंदूरलाच राहायच्या, त्यामुळे ती वर्षं त्यांच्याकडूनच नीट कळतात. काकांना युनिट आठवतं, साल नाही. काकूंना मुलगा तेव्हा कितवीत होता ते आठवतं, आणि त्यावरून साल लागतं. दोघांना एकत्र बसवा.

फोटोंच्या तारखा खांद्यावरून लावता येतात. लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन. मेजरला नुसता अशोकस्तंभ, लेफ्टनंट कर्नलला त्याखाली एक तारा, कर्नलला दोन, ब्रिगेडियरला तीन. मेजर जनरलला आडव्या-तिडव्या तलवार-बॅटनसोबत एक तारा, लेफ्टनंट जनरलला ताऱ्याच्या जागी अशोकस्तंभ. कॉलरवर लाल पट्टी दिसली तर फोटो कर्नल झाल्यानंतरचा. पण एक सांभाळा: १९७१च्या एका फोटोत काकांच्या खांद्यावर अशोकस्तंभ आहे, म्हणून मी साल खोडून पुढचं घातलं. चूक माझीच होती. कायम हुद्दा कॅप्टनचा असला तरी त्यांना हंगामी मेजर केलं होतं, आणि हंगामी हुद्द्याचीच चिन्हं खांद्यावर लागत. अशा वेळी छातीवरच्या पदकांच्या फिती बघा. १९७१ची लढाई पूर्वेकडे केली असेल तर पूर्वी स्टार, पश्चिमेकडे असेल तर पश्चिमी स्टार. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक छातीवर असेल तर फोटो १९७२च्या आधीचा नाही.

आपल्या इंदूरकरांची एक सोय आहे: महूची लष्करी छावणी जवळच आहे. पायदळातला अधिकारी तरुणपणी इन्फंट्री स्कूलच्या कोर्सला आणि पुढे वरच्या कमांडच्या कोर्सला तिथे येऊन गेलेला असतो. जुन्या कागदांत 'कॉलेज ऑफ कॉम्बॅट' दिसलं तर गोंधळू नका; २००३पासून त्यालाच आर्मी वॉर कॉलेज म्हणतात. साहेबांना एकदा महूला घेऊन जा. आत जायची गरज नाही. काकांनी बाजारातल्या रस्त्यावर गाडी थांबवायला लावली आणि कोर्सच्या पगारात पहिली सायकल कुठे घेतली ते दाखवलं.

"हे लिहू नकोस" म्हणाले की पेन खाली ठेवा, फोनवरचं रेकॉर्डिंगही बंद करा. कारण विचारू नका. काकांनी असं तीनदा सांगितलं आणि त्या तीन गोष्टी वहीत नाहीत.

सगळं झालं की मोठ्याने वाचून दाखवा. काकांनी डिव्हिजनच्या कमांडचं प्रकरण डोळे मिटून ऐकलं, काहीच बदललं नाही. पण एकाहत्तरच्या पानाशी हात वर केला. "माझ्या कंपनीतल्या पोरांची नावं कुठायत?" आणि ते सांगायला लागले: नाव, गाव, कोण परत आला, कोण नाही. पहिल्या दिवशी जे दोन वाक्यांत संपलं होतं, ते त्या संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत चाललं. तेवढ्यासाठी त्या पानामागे चार-पाच पानं कोरी सोडा. आम्हाला वेगळे कागद शिवून जोडावे लागले.