आधी उन्हाची तारीख धरा, मग पेरणीची

थंड देशांतले परसबागेचे व्हिडिओ पाहून बरेच शेतकरी विचारतात, आपल्याकडे शेवटचं हिम, म्हणजे गोठलेलं दव, कधी पडतं? तिकडे वसंतातलं शेवटचं हिम आणि शरदातलं पहिलं हिम, या दोन तारखांच्या मधल्या दिवसांतच भाजीपाला बसवावा लागतो. विदर्भात हिशेब उलटा. आपल्या भाजीचा घास घेतं ते ऊन. थंडी अडवते ती साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणून सांदवाडीचं, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीचं, नियोजन मार्चपासून मागे मोजत करा.

फुलकोबीचंच पाहा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारचा पारा ३३-३४ अंशांकडे सरकू लागला की गड्डा सैल पडतो, पिवळट होतो. तेव्हा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काढणी उरकायची. लागवडीपासून ८५ ते ९० दिवस धरले तर रोपं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वावरात हवीत, आणि रोप २५ ते ३० दिवसांचं लावायचं म्हणजे बियाणं ऑक्टोबरच्या मध्याला गादीवाफ्यावर. वाण लवकरचा की उशिराचा, ते पाकिटावर बघून दिवस कमीजास्त करा. वाफ्यावर दीड-दोन महिने थांबलेलं रोप लावू नका, त्याला लिंबाएवढा गड्डा धरून पीक संपतं. वाटाण्यालाही हाच हिशेब, कारण दिवस तापले की त्याची फुलं गळतात. लसूण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावून मोकळे व्हा. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) यांची काळजी नको. ऑक्टोबर ते जानेवारी दर पंधरवड्याला एकेक वाफा टाकत राहा.

महाराष्ट्राच्या नऊ कृषी हवामान विभागांत मध्य विदर्भ आणि पूर्व विदर्भ वेगळे धरले आहेत, ते उगाच नाही. वर्धा, यवतमाळकडे सोयाबीन निघालं की ऑक्टोबरातच जागा मोकळी होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धान निघेपर्यंत बांधी (धानाचं वावर) ओलीच असते, त्यामुळे तिथे रोपं घराजवळच्या उंच वाफ्यावर आधी तयार ठेवा. धान कापेपर्यंत थांबून मग बी टाकलं तर फुलकोबी उन्हात सापडते. चिखलदऱ्याची गोष्ट निराळी. सुमारे ११०० मीटर उंचीवर थंडी रेंगाळते, म्हणून सखल भागातल्या तारखा तिथे लागू नाहीत.

आता थंडी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. आणि वेधशाळेचा आकडा जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीतल्या पेटीत मोजलेला असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता आकाशाकडे सोडते आणि पानाजवळचा पारा त्याहून दोन-चार अंश खाली जातो. थंड हवा जड असते, ती नाल्याकाठी आणि खोलगट वावरात साचते. म्हणून टमाटर, वांगी, मिरचीची रोपवाटिका नाल्याच्या अंगाला करू नका. ढगाळ रात्री धोका कमी. आभाळ स्वच्छ होऊन उत्तरेचा वारा थांबला की सावध व्हा.

अशा दिवशी संध्याकाळी हलकं पाणी द्या. विहिरीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा गरम असतं आणि ओली जमीन उष्णता जास्त धरते. रोपवाटिकेवर तुराट्यांचा (तुरीच्या वाळल्या काड्यांचा) मांडव करून पोती किंवा तणस (धानाचा पेंढा) टाका, सकाळी ऊन आलं की काढून घ्या. धूर करायचाच असेल तर पहाटे, ज्या बाजूने वारा येतो त्या बांधावर. पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. वावर उघडं असलं आणि वारा जरा जरी फिरला तरी धूर शेजाऱ्याच्या वावरात जातो.

भेंडी आणि वेलभाज्यांच्या बाबतीत घाई नडते. माती १७-१८ अंशांच्या खाली असताना भेंडीचं बी मातीतच सडतं. संक्रांतीनंतर तिळातिळाने दिवस वाढू लागला की मग, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत टोका. काकडी, दोडकं, कारलं लवकर हवं असेल तर जानेवारीत घराच्या दक्षिण अंगाच्या भिंतीशी पिशव्यांत रोपं करा आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मुळं न दुखावता, वावरात लावा.

मार्चनंतर गवार आणि चवळी उन्हाला टिकतात. पालक-सांबार हवाच असेल तर ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली, तेही सकाळ-संध्याकाळ पाणी मिळणार असेल तरच. विहीर एप्रिलात तळ गाठत असेल, तर तेवढा वाफा रिकामा ठेवून तापू द्या. त्यातल्या किडींचे कोष आणि तणांची मुळं उन्हाने मरतील.