स्नोमोबाइल वळणावर सरळच पळायची, तेव्हा काय केलं

मिशिगनच्या अपर पेनिन्सुलात, किवीनॉ भागात, सकाळी बर्फातला ट्रेल गुळगुळीत असतो. दुपारपर्यंत रहदारीने उंचवटेच उंचवटे. आमची सेकंडहँड स्नोमोबाइल (पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी) तिथे दुहेरी छळायची. वळणावर हँडल पूर्ण फिरवलं तरी नाक बाहेरच पळायचं, आणि मागे बायको बसली की प्रत्येक उंचवट्यावर सस्पेन्शन धाडकन तळाला आपटायचं.

आधी स्कीखालचे कार्बाइड, म्हणजे वळताना बर्फ धरून ठेवणारी कठीण धातूची धार, बदलले. त्यांची धार गोल झालेली असेल तर बाकीची खटपट फुकट. मग मागच्या टॉर्शन स्प्रिंगचे कॅम (स्प्रिंग नरम-कडक करणारे फिरते ठोकळे), दोन्ही बाजूंचे सारखेच, नरमवरून मध्यमवर फिरवले. हेल्मेट-जॅकेटसकट बसल्यावर मागचा भाग ३-४ इंच दबायला हवा, तेवढाच दबला. मागे कोणी असेल तर कडक.

खरा फरक पाडला लिमिटर स्ट्रॅपने, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या सस्पेन्शनचं पुढचं टोक किती खाली जाईल ते रोखणाऱ्या पट्ट्यांनी. हे पट्टे एक भोक आखडले की सस्पेन्शनचं पुढचं टोक वर ओढलं जातं आणि वजन स्कीवर येतं. थ्रॉटल दाबताच स्की हलक्या व्हायच्या, ते थांबलं. यानंतर ट्रॅकचा ताण तपासायचाच, तो बदलतो. आणखी एक भोक आखडून पाहिलं, तर हँडल जड झालं. परत मागे घेतलं.

स्कीच्या शॉकवरच्या स्प्रिंगा आवळायचा सल्ला बरेच जण देतात. मला नाही पटत, सगळे दणके मनगटात येतात. खोल ताज्या बर्फात जाताना मात्र पट्टे पुन्हा सैल करतो, नाहीतर नाक रुततं.