एमजीबीचा रेडिएटर घरच्या घरी कसा उतरवावा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा रेडिएटर एकटा ओढून काढायच्या भानगडीत पडू नका. तो ज्या पत्र्यावर बसलाय त्या पत्र्यासकट वर उचला. या गाडीच्या तोंडाशी, दोन मडगार्डांच्या मधोमध पत्र्याची एक आडवी भिंत आहे आणि रेडिएटर तिच्यावर दोन्ही कडांनी आवळलेला असतो. बहुतेक जण आधी हेच कडेचे बोल्ट धरतात. तिथे मागून फॅन आडवा येतो, पाना अर्धाच फिरतो, बोटं सोलवटतात आणि शेवटी जाळीला, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या आणि पातळ पंखांच्या मधल्या भागाला, खोक पडते. भिंतीचे बॉडीकडचे बोल्ट मात्र वरून आणि बाजूने दिसतात. ते सोडवले की अख्खा संच सरळ वर येतो. मग टेबलावर ठेवून उजेडात, निवांत रेडिएटर पत्र्यापासून वेगळा करता येतो.

एमजीबी 1962 ते 1980 अशी दीर्घकाळ बनत होती आणि त्या काळात तिच्यात बरेच बदल झाले. मी लिहितोय ते चार सिलिंडरच्या, क्रोम बंपरच्या, वॉटर पंपावरच फॅन बसवलेल्या गाडीबद्दल. अगदी शेवटच्या वर्षांत रेडिएटर पुढे सरकवून इलेक्ट्रिक फॅन दिले, त्या गाड्यांचा क्रम वेगळा आहे.

उतरवण्याआधी एक तपासणी करून घ्या, कारण रेडिएटर एकदा बाहेर आला की ती करता येत नाही. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, बंद करा, फॅन पूर्ण थांबू द्या आणि जाळीच्या पुढच्या अंगावरून तळहात जवळून फिरवा. या रेडिएटरमध्ये पाणी वरच्या टाकीतून नळ्यांनी खाली उतरतं. त्यामुळे ऊब वरून खाली हळूहळू कमी होत जायला हवी. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या गाळाने बुजल्या आहेत. तो पट्टा कागदावर काढून ठेवा. जाळी बदलायची की नुसती धुवायची, हे ठरवायला पुढे हाच कागद कामी येतो.

मग गाडी रात्रभर थंड होऊ द्या. हे मी फार कळकळीने सांगतोय. जुन्या गाड्यांवरचं 7 पौंडाचं (म्हणजे दर चौरस इंचाला 7 पौंड दाब धरणारं) झाकणसुद्धा पाण्याचा उत्कलनबिंदू 111 अंशांच्या आसपास नेतं. गरम इंजिनावर झाकण उघडलंत की दाब एका क्षणात जातो, 105 अंशांवरचं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि तोंडावर येतं. थंड गाडीचंही झाकण जाड फडक्याखाली धरून आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावं आणि जरा थांबावं. हात त्या सवयीचा असलेला बरा.

झोपण्याआधी आणखी एक काम उरकून घ्या: भिंतीच्या सगळ्या बोल्टांवर, विशेषतः खालच्या, गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी त्याचा फरक कळतो.

सकाळी पहिलं काम बॅटरीचं. एमजीबीची बॅटरी बॉनेटखाली नाही, सीटच्या मागे झाकणाखाली आहे, आणि 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन आहेत. अर्थची, म्हणजे बॅटरीतून गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर आधी सोडवायची. पण अर्थ म्हणजे निगेटिव्ह असं गृहीत धरू नका. 1967 पर्यंतच्या, डायनॅमो असलेल्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे. वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघा आणि मगच पाना लावा. रेडिएटर काढायला बॅटरी कशाला, असं वाटेल. अनेक गाड्यांवर नंतर कुणीतरी इलेक्ट्रिक फॅन बसवलेला असतो आणि त्यातले काही चावी बंद असतानाही फिरू शकतात. शिवाय पान्याचं टोक स्टार्टर किंवा डायनॅमोच्या टोकाला लागायला वेळ लागत नाही.

आता पाणी. यंत्रणेत साधारण साडेपाच लिटर मावतं, तेव्हा दहा लिटरचं पसरट टब घ्या. बादली गाडीखाली जात नाही. हीटरचा कंट्रोल पूर्ण गरमवर ठेवा म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहील आणि तिकडचंही बरंच पाणी उतरेल. जुन्या रेडिएटरला तळाशी तोटी असते. ती उघडूनही थेंब आला नाही तर पाणी संपलं असं समजू नका. तिच्या भोकात गाळ बसलाय, बारीक तार घालून मोकळं करा. तोटीच नसेल तर खालचा होज (रबरी नळी) हाच मार्ग: क्लिप ढिली करा, होजची कड एका बाजूने जराशी उचला आणि धार टबात पडू द्या. इंजिनाच्या ब्लॉकलाही पाणी काढायला स्वतंत्र ड्रेन आहे. नुसता रेडिएटर उतरवायचा असेल तर त्याला हात लावायची गरज नाही.

हे पाणी उघड्यावर एक मिनिटही ठेवू नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. लगेच घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर नाव लिहा, फरशीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुऊन काढा. मुलांच्या बाबतीत तर हे वेगळं सांगायलाच नको.

सगळ्यात जास्त वेळ होजना द्यायचा. रेडिएटरचे पितळी गळे, म्हणजे ज्यांच्यावर होज चढवतात ती तोंडं, पातळ पत्र्याचे आहेत आणि टाकीला नुसत्या डाखाने जोडलेले आहेत. वर्षानुवर्षं उष्णता खाल्लेलं रबर या पितळेला अक्षरशः चिकटून बसतं. अशा वेळी होज दोन्ही हातांनी धरून पिळला की गळा अंडाकृती होतो किंवा डाखाच्या रेषेवर चीर जाते, आणि धुऊन परत बसवता आला असता तो रेडिएटर दुरुस्तीला जातो. मी करतो ते असं. क्लिप पूर्ण ढिली करून होजच्या मधल्या भागाकडे सरकवतो. गुळगुळीत टोकाची वाकडी सळई, तिला थोडं साबणाचं पाणी लावून, रबर आणि पितळेच्या मध्ये घालतो आणि गळ्याभोवती सावकाश फिरवतो. एक पूर्ण फेरी झाली की चिकटलेलं रबर सुटल्याचा बारीक ‘चक’ असा आवाज येतो. मगच होज थोडा इकडे, थोडा तिकडे हलवून ओढायचा. तरीही हलला नाही तर रबराचा मोह सोडा. धारदार चाकूने गळ्याच्या लांबीच्या दिशेने होजवर चीर द्या, पण आरपार नाही. रबराची शेवटची पातळ थर तशीच ठेवा आणि बोटांनी फाकवा, केळ्याच्या सालीसारखा होज उलगडतो. चाकू पितळेपर्यंत गेला तर तिथे ओरखडा पडतो आणि नवा होज त्याच ओरखड्यातून झिरपत राहतो. होज स्वस्तात मिळतो, गळा मिळत नाही.

वरच्या होजचं दुसरं टोक थर्मोस्टॅटच्या झाकणावर आहे. तिथे पांढरी भुकटी दिसली तर धातू खाल्ला गेलाय, तिथे आणखी हलका हात ठेवा. शक्य असेल तर वरचा होज त्या बाजूने तसाच राहू द्या आणि रेडिएटरच्या बाजूनेच सोडवा.

ऑइल कूलर (इंजिनाचं तेल थंड करणारा छोटा रेडिएटर) नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

ऑइल कूलर असेल तर त्याच्या दोन नळ्या या भिंतीतल्या रबरी कड्यांतून पुढे गेलेल्या असतात, म्हणजे भिंत उचलायची तर त्या सोडवणं आलंच. त्या इंजिनाच्या बाजूने सोडवा, कूलरच्या बाजूने शक्यतो नको. कूलरवरचा जोड बहुधा जाम झालेला असतो. एका पान्याने जोर लावला की जोड सुटायच्या ऐवजी कूलरचा गळाच पिळून फाटतो. तिथे हात घालायचाच असेल तर दोन पाने लागतात, एकाने कूलरचा षटकोन स्थिर धरायचा, दुसऱ्याने नळीचा नट फिरवायचा. नळ्यांची तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिकने बांधा. धूळ आत गेली तर ती थेट तेलातून बेअरिंगपर्यंत पोचते. तेलाला हातच लावायचा नसेल तर मात्र भिंत जागेवर ठेवून, फॅन उतरवून रेडिएटर तेवढा सोडवायचा. कूलर असलेल्या गाडीसाठी हा रस्ता मला मान्य आहे, एरवी नाही.

आता बोल्ट. इथे बहुतेक पाव इंची बोल्ट आहेत, त्यांना 7/16 चा पाना लागतो. 11 मिलिमीटरचा जवळजवळ तंतोतंत बसतो, कारण 7/16 म्हणजे 11.11. तरी रिंग पाना किंवा सॉकेटच घ्या, उघड्या तोंडाचा नको. गंजलेल्या बोल्टाच्या कडा तो गोल करून टाकतो. वर दोन आधाराच्या सळया आहेत, त्या शेवटी. सुरुवात खालच्या बोल्टांपासून. ते चिखल-पाण्याने सर्वाधिक गंजलेले असतात, आणि वरचे जागेवर असेपर्यंत भिंत हलत नाही, त्यामुळे जोर सगळा बोल्टावर लागतो. पहिला झटका उलटा द्या, म्हणजे किंचित आवळायच्या दिशेने. गंजाची पकड तिथेच तुटते. मग अर्धा फेरा सोडा, पाव फेरा आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही, असं झालं तर पत्र्यामागे जोडलेला नट सुटून सोबत फिरतोय. पत्रा आणि नटाच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून धरा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

हेडलाइटकडे जाणाऱ्या वायरी भिंतीला क्लिपने अडकवल्या असतील तर मोकळ्या करा. सुरुवातीच्या गाड्यांत तापमानाच्या काट्याकडे इंजिनाच्या हेडमधून एक बारीक धातूची नळी जाते, तिच्यात ईथर असतं. ती मुडपली की काटा कायमचा मेला. हात कुठे टेकवताय ते बघा.

उचलण्याआधी रेडिएटरच्या मापाचा जाड पुठ्ठा कापून फॅन आणि जाळीच्या मध्ये सरकवा. एवढ्या एका पुठ्ठ्याने जाळी वाचते, आणि हा वेळ वाचवण्याचा मोह कुणालाही होऊ नये असं मला मनापासून वाटतं. दोन्ही गळ्यांत फडक्याचे बोळे कोंबा, कारण टाकीत राहिलेलं पाणी कलताच बाहेर येतं. समोर एक माणूस उभा करा. वरचे बोल्ट आणि सळया काढा, दोघांनी दोन बाजूंनी पत्रा धरा, जाळीला बोट न लावता सरळ वर घ्या. मध्येच अडकलं तर ओढू नका. काहीतरी राहिलंय, थांबून शोधा. ओव्हरफ्लोची बारीक नळी हमखास विसरली जाते. सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनिअमचं आहे, त्याला कोपरा लागला तर लगेच पोचा येतो, म्हणून आधी त्याच्या आतल्या अंगाला जाड घडीचं कापड लावून ठेवा.

टेबलावर आल्यावर डाखाच्या सगळ्या रेषा भिंगाखाली बघा. हिरवट-पांढरी पूड जिथे साचलीय तिथे पाझर आहे, मग ती जागा कोरडी दिसली तरी. बोटाने खरवडून काढा आणि खालचं पितळ तपासा. जाळी उजेडासमोर धरा, मेलेले किडे आणि माती मागून पुढे, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने, हलक्या पाण्याने काढा. जोराची धार पंख वाकवते. आतला गाळ काढायला रेडिएटर उलटा करा आणि खालच्या गळ्यातून पाणी सोडून वरच्यातून बाहेर पडू द्या, ते स्वच्छ येईपर्यंत. आदल्या दिवशीचा कागद इथे काढा: धुऊनही तो थंड पट्टा मोकळा झाला नाही, तर कारागिराकडून जाळी बदलून घ्या, जुन्या टाक्या मात्र ठेवायला सांगा. तांबं-पितळेचा हा रेडिएटर पुन्हा पुन्हा दुरुस्त होऊ शकतो, म्हणूनच तो टाकून ॲल्युमिनिअमचा बसवायला मी कुणालाच सांगत नाही.

बसवताना क्रम उलटा. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे पकडवा, मग आवळा. एखादा आधी घट्ट केलात तर बाकीची भोकं जुळत नाहीत आणि आटे तिरपे जातात. होज नवेच घाला. कूलंट जुन्या गाड्यांसाठीचं, निळं किंवा हिरवं पारंपरिक प्रकारचं घ्या, आणि दोन वर्षांनी बदला. हीटर गरमवर ठेवून सावकाश भरा, झाकण न लावता इंजिन मंद चालू ठेवा. 82 अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तिथे थोडी भर घालून झाकण लावा. पहिली फेरी छोटी ठेवा. परत आल्यावर गाडी पूर्ण थंड झाली की पातळी पाहा आणि प्रत्येक क्लिप पुन्हा एकदा आवळा, कारण नवं रबर पहिल्यांदा तापलं की जागेवर बसतं आणि क्लिप हमखास ढिली पडते.